नर्मदा आणि तापी : खोऱ्यांचा आकार व पुरांचा इतिहास

सातपुड्याच्या उत्तरेस नर्मदा आणि दक्षिणेस तापी, दोन्ही पश्चिमवाहिनी. त्यामुळे साहित्याच्या अभ्यासात त्यांचा उल्लेख बहुधा जोडीनेच होतो. ही जोडी काहीशी फसवी आहे. नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर व खोऱ्याचे क्षेत्रफळ ९८,७९६ चौरस किलोमीटर. तापीची लांबी ७२४ किलोमीटर व क्षेत्रफळ ६५,१४५ चौरस किलोमीटर. म्हणजे लांबी जवळजवळ निम्मी, पण पाणलोट दोन-तृतीयांश. विंध्य आणि सातपुडा यांच्या चिमटीत सापडलेल्या नर्मदेला दोन्ही अंगांनी आखूड उपनद्या मिळतात. तापीचा उजवा काठ सातपुड्याला जवळजवळ चिकटलेला आहे. डावीकडे मात्र वऱ्हाडातून पूर्णा, सह्याद्रीतून गिरणा आणि पांझरा अशा लांब उपनद्या येतात. खोरे एकाच अंगाने पसरले आहे.

रॉबर्ट हॉर्टन यांनी १९३२ मध्ये खोऱ्याच्या आकारासाठी एक साधा गुणांक सुचविला : क्षेत्रफळ भागिले लांबीचा वर्ग. नदीच्या लांबीवरून ढोबळ हिशेब केल्यास नर्मदेचा गुणांक सुमारे ०.०६, तर तापीचा सुमारे ०.१२ येतो. पाठ्यपुस्तकी नियम असा की, निमुळत्या खोऱ्यात उपनद्यांचे पाणी वेगवेगळ्या वेळी मुख्य प्रवाहात येते, म्हणून पुराचा माथा बुटका राहतो. या नियमाने नर्मदा सौम्य ठरावयास हवी होती.

इतिहास तसे सांगत नाही. १९६८ च्या महापुरात तापीचा विसर्ग सेकंदाला सुमारे ४२,००० घनमीटर होता. १९७० मध्ये गरुडेश्वर येथे नर्मदेचा सुमारे ६९,००० घनमीटर. दर चौरस किलोमीटरमागे पाहिले तर दोन्ही आकडे जवळपास सारखेच, किंबहुना नर्मदेचा किंचित अधिक. पाऊस संपूर्ण खोऱ्यावर एकाच वेळी पडतो, हे नियमाचे गृहीतक येथे लागू पडत नाही. बंगालच्या उपसागरातील न्यूनदाबाचे पट्टे पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे प्रवाहाच्याच दिशेने सरकतात. पुराचा लोंढा आणि वादळ बरोबरीने चालतात, आणि वाटेतील प्रत्येक उपनदी त्या चालत्या लोंढ्यात भर घालते. एरवी नदीला सौम्य करणारी लांबीच येथे पूर वाढविते.

काठावरची नगरे हा याचा दुसरा भाग. जुने भडोच उंच काठावर वसले, सुरत सखल मैदानात, भरतीच्या टप्प्यात. १८३७ मध्ये सुरतेत प्रथम भीषण आग लागली आणि त्याच वर्षी पूर आला. उकाई धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले. तरीही ऑगस्ट २००६ मध्ये सुमारे नऊ लाख क्युसेक विसर्गाने शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. हा विसर्ग १९६८ च्या तुलनेत पुष्कळ कमी होता. दरम्यान शहर नदीच्या पात्राकडे सरकले होते. ही गोष्ट कोणत्याही आकार-गुणांकात मावत नाही.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला यातून एक सावधगिरी मिळते. नर्मदेवरील लेखन परिक्रमेच्या सलग रेषेवर चालते, गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ किंवा अमृतलाल वेगड यांचे प्रवासलेखन ही त्याची ठळक उदाहरणे. मुख्य प्रवाह न ओलांडता दोन्ही काठ चालणे ही कल्पना अरुंद खोऱ्याला शोभून दिसते. तापीची मराठी स्मृती मात्र संगमाशी एकवटते : पूर्णा जेथे तापीला मिळते तेथे चांगदेव आहे, जवळच मुक्ताबाईचे मेहूण. आकार आणि आख्यान यांचे हे नाते मोहक वाटते, पण त्याला कार्यकारणभाव म्हणणे घाईचे होईल. पुरांच्या बाबतीत तोच मोह खोटा ठरला आहे. शिवाय आधुनिक गुजराती कवितेचा आद्य प्रवर्तक १८३३ मध्ये तापीकाठी, सुरतेत जन्मला आणि त्याचे नाव होते नर्मदाशंकर.