स्रोतापासून उभारणी आणि मराठी अक्षररूप

भिवंडीच्या बाजारपेठेत देवनागरी पाट्यांच्या शेजारी उर्दू पाट्या दिसतात. मागावर काम करणाऱ्या पद्मशाली समाजाने तेलुगूही या गावी आणली. या तिन्ही लिप्यांत अक्षरापुढे अक्षर ठेवले म्हणजे शब्द सिद्ध होत नाही. उर्दूत अक्षर स्थानपरत्वे रूप पालटते; देवनागरीत व तेलुगूत जोडाक्षरे होतात. संगणकावर ही रूपसिद्धी करणारा, अनेक प्रोग्रामांना सामायिक असणारा आज्ञासंच म्हणजे 'लायब्ररी' होय.

अशी लायब्ररी मूळ स्रोतापासून उभारण्याची प्रथा युनिक्सच्या परंपरेतील आहे. ही प्रणाली १९६९ साली बेल प्रयोगशाळेत जन्मली. पुढे यंत्रे नाना प्रकारची झाली, तेव्हा एकच तयार प्रत सर्वत्र चालेना. म्हणून स्रोत पाठवावयाचा आणि ज्याने त्याने आपल्या यंत्रावर त्याचे रूपांतर करावयाचे, ही रीत पडली. १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' रचला. कोणता भाग कोणावर अवलंबून आहे हे पाहून केवळ बदललेले भाग पुन्हा सिद्ध करणे, हे त्याचे कार्य. १९९१ साली 'ऑटोकॉन्फ' आले आणि 'कॉन्फिगर', 'मेक', 'मेक इन्स्टॉल' ही त्रिपदी रूढ होत गेली: प्रथम यंत्राची तपासणी, मग रूपांतर, शेवटी स्थापना. ही स्थापना बहुधा 'लोकल' या वेगळ्या विभागात होते. प्रणालीच्या मूळ प्रतीस धक्का लागत नाही. लिनक्सवर त्यानंतर 'एलडीकॉन्फिग' ही आज्ञा द्यावी लागते. एरवी प्रोग्राम कित्येकदा जुनीच प्रत वापरीत राहतात.

मराठीला याचे महत्त्व का, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' डोंगरांतील. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतील भेदही असाच अर्थभेदक आहे. हिंदीच्या लेखनात हा भेद नाही; साहजिकच मराठीची गरज निराळी नोंदवावी लागते. युनिकोडने इस्की या भारतीय मानकास अनुसरून हे रूप 'ऱ' व हलन्त यांनी दर्शविले; शिवाय आपल्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी 'र', हलन्त व अदृश्य जोडचिन्ह हा मार्गही मान्य केला. परिणामी डोळ्यांस एकच दिसणारा शब्द यंत्राच्या लेखी दोन प्रकारचा ठरू शकतो. रूपसिद्धी करणाऱ्या लायब्ररीला दोन्ही मार्ग ठाऊक असणे अगत्याचे आहे.

आज फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस आणि अँड्रॉइड यांत हे काम 'हार्फबझ' करते. हे नाव फारसीतील 'हर्फ' आणि 'बाझ' यांवरून, म्हणजे 'मुक्त अक्षर' या अर्थाने आले आहे. तिचा स्रोत खुला असल्याने एखादे जोडाक्षर चुकत असल्यास दोष कोठे आहे हे कोणासही तपासता येते. दुरुस्ती करून ती आपल्या यंत्रावर उभारून पाहता येते. लायब्ररी सामायिक असल्यामुळे एका ठिकाणची दुरुस्ती तिच्यावर अवलंबून असलेल्या सर्व प्रोग्रामांस लाभते.

मात्र याला मर्यादा आहे. फॉन्टमध्ये ते रूपच रेखाटलेले नसेल, तर लायब्ररी ते निर्माण करू शकत नाही. यास्तव लिपीचा नियम, त्याचे मानक, लायब्ररी आणि फॉन्ट ही चारही अंगे जुळली, तरच 'दऱ्या' हा शब्द पडद्यावर 'दऱ्या' म्हणून उमटतो. त्यांपैकी नियम सांगणे हे भाषेच्या अभ्यासकाचेच कर्तव्य होय.