कॉमेटची गोष्ट : पाण्याच्या टाकीत सापडलेलं उत्तर



विमानात खिडकीजवळची जागा मिळाली की आपण सगळेच बाहेर बघत बसतो. खिडकीकडे मात्र कोणी बघत नाही. तिचे कोपरे गोल असतात. असं का, हे कोणाला विचारलं तर ठरलेलं उत्तर येतं : पूर्वी चौकोनी खिडक्यांचं एक विमान होतं, ते हवेत फुटलं, मग खिडक्या गोल केल्या. हे उत्तर अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे, आणि आज आपल्याला तेच बघायचं आहे.

ते विमान म्हणजे ब्रिटनच्या डी हॅविलँड कंपनीचं कॉमेट, प्रवाशांसाठी बांधलेलं जगातलं पहिलं जेट विमान. २७ जुलै १९४९ रोजी ते पहिल्यांदा उडालं. २ मे १९५२ रोजी लंडनहून जोहान्सबर्गला तिकीट काढलेले प्रवासी घेऊन निघालं. त्याच वर्षी कोलंबोची सेवा सुरू झाली आणि ती आपल्या मुंबईलाही थांबायची. त्या काळातल्या पंख्याच्या विमानांच्या जवळपास दीडपट वेग, आवाज कमी, थरथर जवळजवळ नाहीच. युद्धाने खंगलेल्या ब्रिटनच्या हातात असं काही होतं जे अमेरिकेकडे नव्हतं. कॉमेट हा त्या देशाच्या अभिमानाचा विषय होता, हे लक्षात ठेवा. पुढचे बरेच निर्णय त्याशिवाय समजत नाहीत.

आता थोडं भौतिकशास्त्र. घाबरू नका, फळा वापरणार नाही.

जेट इंजिन खालच्या दाट हवेत चालवलं तर इंधन फार खातं. उंचावर हवा विरळ, तिचा विरोध कमी, त्यामुळे त्याच इंधनात लांब जाता येतं. म्हणून कॉमेट ३५ ते ४० हजार फुटांवरून उडायचं. पण ४० हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक-पंचमांशाहूनही कमी. तिथे माणूस काही सेकंदांतच बेशुद्धीकडे जातो. म्हणून केबिनमध्ये हवा भरून आतला दाब साधारण ८ हजार फुटांवर असतो तेवढा ठेवायचा. म्हणजे आत दाब जास्त, बाहेर कमी. हा फरक कॉमेटमध्ये दर चौरस इंचाला सव्वाआठ पौंड होता. ऐकायला किरकोळ वाटतो. हिशोब केला तर दर चौरस मीटर पत्र्यावर साडेपाच टनांहून जास्त जोर येतो. आणि वजन वाचवण्यासाठी पत्रा किती जाड? बऱ्याच ठिकाणी एक मिलिमीटरपेक्षाही कमी.

कंपनीने हे डोळे झाकून केलं नव्हतं. नियमाने मागितलेल्या ताकदीपेक्षा जास्त ताकद त्यांनी ठेवली होती आणि केबिनचा भाग दुप्पट दाबाला तपासून घेतला होता. सगळे निश्चिंत होते.

पहिले अपघात झाले ते वेगळ्याच कारणाने. २६ ऑक्टोबर १९५२ रोजी रोमच्या चांपिनो विमानतळावर एक कॉमेट धावपट्टी संपली तरी उडालंच नाही. सुदैवाने सगळे वाचले. कॅप्टन हॅरी फूट यांनी नाक जास्त उचललं, असा निष्कर्ष निघाला. ठपका त्यांच्यावर आला आणि त्यांना जेटवरून काढून मालवाहू विमानांवर पाठवलं. ३ मार्च १९५३ रोजी कराचीला तेच झालं. नवं कोरं विमान पोचवायला निघालेले ११ जण गेले. पुन्हा बोट वैमानिकाकडेच.

इथे एक गोष्ट समजून घेऊ. पंखाला उचल मिळते ती पंखावरून हवा चिकटून वाहते तोवर. नाक फार वर केलं की वरच्या बाजूची हवा पंखाला सोडून देते. उचल पडते, विरोध वाढतो, इंजिनं पूर्ण जोरात असली तरी विमान वेग घेत नाही. कॉमेटच्या पंखाची पुढची कड अशी होती की धावपट्टीवर असतानाच, नाक थोडं जास्त उचललं गेलं तरी हे व्हायचं. पुढे कंपनीने ती कडच बदलली. आता तुम्हीच सांगा, एकच चूक दोन वेगवेगळ्या वैमानिकांकडून होते तेव्हा चूक वैमानिकाची की विमानाची? फूट यांनी आपलं नाव पुसून काढण्यासाठी अनेक वर्षं झगडा दिला.

तिसरा अपघात आपल्याकडे झाला. २ मे १९५३, म्हणजे पहिल्या जेट सेवेला बरोब्बर एक वर्ष झालं त्या दिवशी, कोलकात्याच्या डमडमहून दिल्लीला निघालेलं कॉमेट काही मिनिटांतच वादळात सापडलं आणि हवेतच मोडलं. ४३ जण होते, कोणी वाचलं नाही. बंगालमधल्या वैशाखातल्या वादळाबद्दल सांगायला नको. वादळाचा झोत, नाहीतर वैमानिकाने वादळात नियंत्रणं जरा जास्तच ओढली असतील, असा निष्कर्ष भारतातल्या चौकशीत निघाला. वादळ तर खरंच होतं, त्यामुळे ते पटलंही. कॉमेट उडत राहिलं.

आणि मग १० जानेवारी १९५४. सिंगापूरहून लंडनला चाललेलं कॉमेट सकाळी रोमहून निघालं. 'योक पीटर' हे त्याचं बोलावण्याचं नाव. पहिली जेट प्रवासी फेरी केली होती ते हेच विमान. साधारण २७ हजार फुटांवर चढत असताना कॅप्टन दुसऱ्या एका विमानाशी रेडिओवर बोलत होते. वाक्य मध्येच तुटलं. एल्बा बेटाजवळ मासेमारी करणाऱ्यांनी ढगांवरून स्फोटाचे आवाज ऐकले आणि समुद्रात काही पेटलेलं पडताना पाहिलं. ३५ माणसं गेली. त्यांत लहान मुलंही होती.

हवा स्वच्छ होती, कोलकात्यासारखं वादळ नव्हतं. सेवा बंद झाली, समिती बसली. विमानाचे तुकडे समुद्राच्या तळाशी, हातात पुरावा जवळजवळ नाही. समितीने काय केलं? जे जे कारण असू शकतं, त्याची यादी केली : आग, इंजिनाचं पातं तुटणं, नियंत्रणातला बिघाड, पंखाची कंपनं. प्रत्येकावर उपाय म्हणून विमानात पन्नासेक सुधारणा केल्या. केबिनचा पत्रा या यादीत फार खाली होता, कारण तो तर दुप्पट दाबाला तपासलेला. २३ मार्च १९५४ रोजी कॉमेट पुन्हा उडू लागलं. नेमकं कारण कोणालाच सापडलं नव्हतं.

सोळाव्या दिवशी, ८ एप्रिलला, रोमहून कैरोला निघालेलं 'योक योक' नेपल्सच्या दक्षिणेला समुद्रात कोसळलं. २१ जण गेले. पुन्हा रोमहून, पुन्हा वर चढताना.

या सोळा दिवसांवर मला थोडं थांबायचं आहे. ते निर्णय घेणारे लोक बेफिकीर नव्हते, लबाडही नव्हते. त्या वेळचे उत्तम अभियंते होते. पण देशाची प्रतिष्ठा, कंपनीचा पैसा, रिकामी उभी विमानं आणि 'आता आणखी काय करायचं राहिलं?' हा प्रश्न, हे सगळं एका बाजूला होतं. दुसऱ्या बाजूला फक्त एक वाक्य : 'आम्हाला माहीत नाही.' ते वाक्य हरलं. त्याची किंमत २१ माणसं.

दुसऱ्या अपघातानंतर मात्र कॉमेटचं उड्डाणाचं प्रमाणपत्रच काढून घेतलं आणि तपास फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेकडे गेला. तिचे प्रमुख आर्नल्ड हॉल. एल्बाजवळ ब्रिटिश नौदल पाण्याखालचे टीव्ही कॅमेरे वापरून तुकडे वर काढत होतं. इटलीच्या डॉक्टरांनी मृतदेह तपासले होते. फुप्फुसं फाटलेली होती, म्हणजे केबिनमधला दाब एका क्षणात गेला होता. बाँबच्या खुणा नव्हत्या.

हॉल यांच्या चमूने एक वेगळा प्रश्न विचारला. केबिन एकदा दुप्पट दाब सहन करते, ठीक. पण साधा दाब हजार वेळा सहन करते का?

लोखंडाची तार हाताने तुटत नाही. मग आपण काय करतो? इकडे वाकवतो, तिकडे वाकवतो, दहा-वीस वेळा. कट्कन तुटते. याला म्हणतात धातूचा थकवा. हे नवं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे आस तुटून अपघात व्हायचे, आणि जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी वर्षानुवर्षं प्रयोग करून हा विषय मांडला होता. गंमत म्हणजे नेव्हिल शूट या कादंबरीकाराने १९४८ मध्येच थकव्याने विमानाची शेपटी मोडते अशी कादंबरी लिहिली होती, आणि शूट एकेकाळी डी हॅविलँडमध्येच नोकरीला होता. विमान प्रत्येक फेरीत एकदा फुगतं आणि एकदा सैल होतं. म्हणजे प्रत्येक फेरी ही तारेची एक वाकवणी.

आता हे तपासायचं कसं? हवा भरून केबिन फोडली तर ती बाँबसारखी उडेल, सगळे तुकडे विखुरतील, सुरुवात कुठून झाली ते कळणार नाही. पाणी मात्र दाबलं तरी फारसं आकसत नाही, त्यामुळे त्यात स्फोटाला लागणारी ऊर्जा साठत नाही. म्हणून त्यांनी एक भलीमोठी टाकी बांधली. वापरातलं एक कॉमेट, 'योक अंकल', टाकीत ठेवलं. पंख टाकीबाहेर. आत पाणी, बाहेर पाणी. आतला दाब वाढवायचा, कमी करायचा, आणि यंत्रांनी पंख वरखाली हलवायचे. एक फेरी काही मिनिटांत. रात्रंदिवस.

जूनच्या अखेरीस केबिन फाटली. आधीच्या खऱ्या फेऱ्या आणि टाकीतल्या फेऱ्या मिळून तीन हजारांहून थोड्या जास्त झाल्या होत्या. फाट सुरू झाली होती एका खिडकीच्या कोपऱ्यापाशी. योक पीटरच्या फेऱ्या होत्या १,२९०. योक योकच्या फक्त ९००.

कोपराच का? कापडाच्या दुकानात बघा. दुकानदार मीटर मोजतो, कात्रीने एक छोटी टीच मारतो आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडतो. सगळा ताण त्या टीचेच्या टोकाशी गोळा होतो. पत्र्यातल्या भोकाचा कोपरा जितका तिखट, तितका तिथे ताण जास्त. कॉमेटमध्ये त्या जागी ताण धातूच्या अंतिम ताकदीच्या ७० टक्क्यांपर्यंत जात होता. अभियंत्यांनी तो बराच कमी धरला होता.

मग आधीच्या चाचणीत हे का दिसलं नाही? हे फार शिकण्यासारखं आहे. कंपनीने थकव्याचीही चाचणी केली होती, आणि तो नमुना सोळा हजार फेऱ्या टिकला होता. पण तो नमुना तोच होता जो आधी दुप्पट दाबाखाली ताणला होता! त्या जादा दाबाने कोपऱ्यातला धातू किंचित कायमचा ताणला गेला आणि दाब काढल्यावर आजूबाजूच्या पत्र्याने त्याला दाबून धरलं. त्यामुळे तिथे चीर पडणं लांबलं. म्हणजे कठोर चाचणीनेच नमुना मजबूत केला होता. प्रवाशांच्या विमानांना हे भाग्य मिळालं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात समुद्रातून योक पीटरच्या छताचा तुकडा वर आला. चीर तिथे होती. छतावर रेडिओच्या दिशादर्शक अँटेनासाठी दोन छोट्या खिडक्या होत्या, त्यांतल्या एकीच्या कोपऱ्यातल्या रिव्हेटच्या भोकापासून ती सुरू झाली होती. म्हणजे प्रवासी ज्या खिडकीतून बाहेर बघायचे ती ही खिडकी नव्हेच. शिवाय कॉमेटच्या खिडक्या अगदी चौकोनी नव्हत्या, कोपरे थोडे गोल होते, पुरेसे नव्हते. सुरुवातीला मी अर्धं बरोबर म्हणालो ते यासाठी. आकार, पातळ पत्रा, रिव्हेटची भोकं आणि चुकीचा धरलेला ताण, या सगळ्यांनी मिळून ते झालं.

१९५४ च्या ऑक्टोबरमध्ये लॉर्ड कोहेन यांच्यापुढे जाहीर चौकशी झाली. कंपनीवर हलगर्जीचा ठपका आला नाही. त्या वेळी कोणालाच जास्त माहीत नव्हतं, असं मानलं गेलं. आणि सगळं जगासमोर मांडलं गेलं, प्रतिस्पर्ध्यांसमोरसुद्धा. जाड पत्र्याचं कॉमेट ४ ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिक ओलांडू लागलं, पण त्याच महिन्यात बोइंग ७०७ आलं आणि बाजार अमेरिकेकडे गेला. कॉमेटचा धडा त्या बोइंगमध्ये होता : चीर पडणारच असं धरून चला, आणि पडली तर ती पुढच्या पट्टीपाशी अडेल अशी रचना करा.

धडा संपला का? २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर एका बोइंग ७३७ च्या छताचा मोठा भाग हवेत उडून गेला. एक हवाई सेविका गेली, बाकीच्यांना घेऊन वैमानिकांनी विमान खाली आणलं. छोट्या छोट्या फेऱ्या करत त्या विमानाच्या ८९ हजारांहून जास्त फेऱ्या झाल्या होत्या, त्यात समुद्राची खारी हवा. म्हणून आज जुन्या विमानाचं वय वर्षांत मोजून भागत नाही. किती वेळा फुगलं आणि किती वेळा सैल झालं, तेही मोजतात. बस-रिक्षाचे किलोमीटर मोजतो, तसं.

शेवटी एकच. आपल्याकडे विमान अपघात झाला की त्याच संध्याकाळी टीव्हीवर दोषी ठरलेला असतो, आणि बहुतेक वेळा तो बोलायला उरलेला नसतो. विमान अपघाताच्या चौकशीबाबत आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की तिचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष वाटणं हा नाही. कॉमेटकडे बघितलं की त्याचा अर्थ कळतो. रोम आणि कराचीला वैमानिकाचं नाव लिहून फाइल मिटली, तेव्हा पंखाच्या कडेकडे बघायला वेळ गेला. एल्बानंतर 'माहीत नाही' म्हणायची हिंमत झाली नाही, तेव्हा दुसरं विमान गेलं. उत्तर मिळालं ते टाकीजवळ बसून, पुन्हा पुन्हा तीच कंटाळवाणी फेरी मोजणाऱ्या लोकांना. पुढच्या वेळी बातमी ऐकाल तेव्हा अंतिम अहवालाची वाट बघा, एवढंच सांगेन. आपल्या विमानाच्या खिडकीचे कोपरे गोल आहेत ते तशा वाट बघण्यामुळे.

आता प्रश्न असतील तर घेऊ.