वाड्यातलं गुपित आणि बैलाचं कातडं

आजचा भाग मी एका कादंबरीवर वैतागून केलाय. नाव घेत नाही.

माझं आजोळ मोखाड्याचं. त्यामुळे पुस्तकाच्या पाठीवर "मोखाड्यातला जुना वाडा, घराण्याचं गुपित" असं वाचलं आणि लगेच विकत घेतलं. आत काय? कुलूपबंद खोली, आजोबांची डायरी, अमावस्येची रात्र. आणि चारशे पानांनंतर कळतं की खरा वारस दुसराच होता! अहो, हा वाडा उचलून साताऱ्यात नेऊन ठेवला असता तरी चाललं असतं. वारली माणसं आहेत, पण कंदील धरायला आणि "मालक, तिकडं जाऊ नका" म्हणायला.

त्यात गोष्ट 1880 च्या आसपासची, आणि मोखाड्यात वसुली करतोय जव्हारच्या राजाचा कारभारी. जव्हार हे मुकणे घराण्याचं संस्थान होतं, बरोबर. पण शेजारचं मोखाडा तेव्हा इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात होतं, शहापूर तालुक्याचा पेटा म्हणून.

चिडचिड खूप झाली. आता मुद्द्याचं. या भागात घराण्याची एक जबरदस्त गोष्ट आहे, आणि ती 1882 च्या ठाणे गॅझेटियरमध्ये चक्क छापलेली आहे.

जव्हार आधी एका वारली प्रमुखाकडे होतं. मुकणे गावचा जयबा नावाचा महादेव कोळी त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, मला एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन द्या. वारली म्हणाला, घे. जयबानं कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या, एकाला एक जोडल्या आणि त्यांनी जमीन वेढून टाकली. झालं राज्य! त्याचा मुलगा नेमशहा. त्याला 1343 साली दिल्लीच्या सुलतानानं राजा म्हणून मान्यता दिली. पुढे 1948 मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत हेच घराणं गादीवर होतं.

आता गंमत बघा. हीच कातड्याची गोष्ट तिकडे ट्युनिशियात, कार्थेज शहराबद्दल सांगतात. तिथे जयबाच्या जागी डायडो राणी आहे. म्हणजे ही फिरती लोककथा आहे, जसंच्या तसं घडलं असं धरू नका. पण जगातल्या एवढ्या गोष्टींतून जव्हारला नेमकी हीच का चिकटली? कारण ती एक गोष्ट कबूल करते: जमीन आधी दुसऱ्याची होती. आणि मुकणेही काही बाहेरून आलेले सरदार नव्हते, तेही आदिवासीच. म्हणून ही गोष्ट आणखी अवघड होते.

मी ही गोष्ट आजीला सांगितली. युक्तीवर हसेल असं वाटलं होतं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "मग त्या वारल्याचं काय झालं रं?"

गॅझेटियर सांगतं, त्याला गंभीरगड आणि आसपासचा मुलूख दिला. आज तो गड डहाणू तालुक्यात आहे. गोष्टीत जयबाला नाव आहे. ज्यानं "घे" म्हटलं, त्याला नाही.

त्या चारशे पानांत कुणी हे नाव शोधायला निघालं असतं, तर मी रात्रभर जागून वाचलं असतं.

तुमच्या घरी ही गोष्ट कशी सांगतात? आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करा आणि आम्हाला पाठवा. भेटू पुढच्या भागात!