बर्फाळ रस्ता, मूठभर मीठ आणि विहिरीचे पाणी

डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून थंड वारे वाहू लागले की फैजपूर, सावदा, रावेर या पट्ट्यातील केळी उत्पादकाची झोप उडते. पारा दहा अंशांखाली उतरला तर केळीची वाढ खुंटते, पाने पिवळी पडतात. आपल्याकडे म्हणतात, ‘केळीला चरका बसला’. अशा रात्री शेतकरी दोन उपाय करतो. बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतो आणि बागेला विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी देतो. कारण जमिनीतून आलेले पाणी त्या रात्रीच्या हवेपेक्षा बरेच उबदार असते.

फैजपूरला बर्फ पडत नाही. परंतु याच सातपुड्याच्या रांगेत, नंदुरबार जिल्ह्यातील डाब आणि तोरणमाळ भागात, कडाक्याच्या थंडीत गवतावरचे दव गोठल्याचे अधूनमधून दिसते. आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल तर जमीन रात्रभर आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते. जमिनीलगतचे तापमान वरच्या हवेपेक्षा खाली जाते आणि दवाचे बर्फ होते. आपल्याकडे हे गवतावर घडते. इंग्लंड, जपान किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात हेच डांबरी रस्त्यावर घडते. तेथे बर्फाचा पातळ, पारदर्शक थर रस्त्याच्या रंगात मिसळून जातो आणि पाय घसरेपर्यंत दिसतही नाही.

अशा रस्त्यांचे माणसाने काय केले, याचा इतिहास या लेखात पाहू. विषय दूरचा वाटेल. पण शेवटी तो आपल्या विहिरीपाशी येऊन पोचतो.

घसरण किती?

प्रथम धोका मोजून पाहू. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरून केळीने भरलेला एक ट्रक ताशी ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ११.१ मीटर वेगाने चालला आहे. चालकाने ब्रेक दाबल्यावर तो किती अंतरावर थांबेल? वेगाच्या वर्गाला घर्षणांक आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागले की हे अंतर मिळते. कोरड्या डांबरी रस्त्याचा घर्षणांक सुमारे ०.७ धरला तर उत्तर येते ९ मीटर. हाच ट्रक उत्तरेकडे जाता जाता बर्फाळ रस्त्यावर आला, तर घर्षणांक ०.१ इतका उतरतो आणि अंतर होते ६३ मीटर! या सूत्रात ट्रकचे वजन कोठेच येत नाही, हे विद्यार्थ्यांच्या अवश्य लक्षात आणून द्यावे. ‘गाडी जड आहे, म्हणून घसरणार नाही’ हा समज बर्फावर उपयोगी पडत नाही. पायी चालणाऱ्याचेही तेच. म्हणून बर्फाळ प्रदेशातील लोक लहान पावले टाकतात आणि सारा भार पुढच्या पावलावर सरळ उभा ठेवतात.

बर्फ काढायचा नव्हे, दाबायचा

आज बर्फाळ देशांत रस्त्यावरचा बर्फ ‘काढणे’ स्वाभाविक वाटते. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या ईशान्य भागात नेमके उलटे चालत असे. हिवाळ्यात लोक चाकाच्या गाड्या बाजूला ठेवत आणि घोडे जुंपलेल्या घसरगाड्या वापरीत. त्यांना बर्फ हवाच असे. घोड्यांनी ओढलेले मोठे लाकडी रूळ फिरवून बर्फ दाबून घट्ट केला जाई. छप्पर असलेल्या पुलांवर बर्फ पडत नसे, म्हणून तेथे माणसे लावून फावड्याने बर्फ आणून पसरला जाई! पादचारी मार्गावर राख किंवा रेती टाकली की काम भागे. ट्रामच्या रुळांवर कोणी मीठ टाकले तर घसरगाडीवाले तक्रार करीत, कारण त्यांचा रस्ता बिघडे.

मोटार आली आणि हे चित्र पालटले. रबरी चाकाला काळा, कोरडा रस्ता हवा होता. रस्ता तोच, बर्फ तोच. बदलले ते वाहन. कालचे साधन आजची अडचण बनले.

मीठ काय करते?

नांगरासारख्या पात्याने वरचा भुसभुशीत बर्फ ढकलता येतो. परंतु रस्त्याला चिकटलेला थर निघत नाही. तेथे मीठ उपयोगी पडले.

यामागचे विज्ञान आपल्या परिचयाचे आहे. शुद्ध पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठते. त्यात मीठ विरघळले की गोठणबिंदू खाली जातो. द्रावणात मिठाचे प्रमाण वजनाने सुमारे २३ टक्के असले तर तो उणे २१ अंशांपर्यंत उतरतो. बर्फाच्या कारखान्यात पाण्याचे डबे मिठाच्या द्रावणात उभे करतात ते याचसाठी. द्रावण शून्याखाली जाऊनही वाहते राहते आणि डब्यातले पाणी मात्र गोठते.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील : हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या भांड्याभोवती बर्फात मीठ घालतो, ते अधिक गार करण्यासाठी. मग तेच मीठ रस्त्यावरचा बर्फ वितळवते कसे? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मीठ उष्णता देत नाही. मिठामुळे बर्फ शून्याखालीही वितळू लागतो आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता आजूबाजूने ओढून घेतो. भांड्यात ती दुधातून येते, म्हणून दूध गोठते. रस्त्यावर ती जमिनीतून, हवेतून आणि उन्हातून येते. ती पुरेशी नसेल तर मीठही हतबल होते. म्हणूनच साधे मीठ प्रत्यक्षात उणे नऊ-दहा अंशांपर्यंतच कामाचे ठरते. त्याखाली कॅल्शियम क्लोराइड वापरतात किंवा सरळ रेती टाकतात. रेती बर्फ वितळवीत नाही, पण घर्षण वाढवते.

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ साली रस्त्यांवर मीठ टाकण्याचे प्रयोग सुरू केले. १९४१-४२ च्या हिवाळ्यात ते सर्रास मीठ वापरणारे पहिले राज्य ठरले. त्या हिवाळ्यात साऱ्या अमेरिकेत मिळून सुमारे पाच हजार टन मीठ महामार्गांवर पडले. आज तेथे वर्षाला सुमारे दोन कोटी टन मीठ या कामी लागते.

या तारखा आपल्या इतिहासाशेजारी ठेवून पाहाव्यात. १९३० साली दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचलणे हा आपल्या देशात गुन्हा होता. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला, ग्रामीण भागातील पहिले काँग्रेस अधिवेशन पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरले, तेव्हाही मिठावरचा कर चालूच होता. तो गेला १९४७ साली. याच काळात जगाच्या दुसऱ्या बाजूला मीठ इतके स्वस्त झाले होते की ते टनांनी रस्त्यावर फेकता येत होते.

मीठ जाते कोठे?

मिठाने असंख्य अपघात टळले आहेत, हे विसरता कामा नये. रुग्णवाहिका वेळेवर पोचणे ही लहान गोष्ट नाही. पण बर्फ वितळून वाहून जातो, तेव्हा मीठ नाहीसे होत नाही. ते ओढ्यात, तळ्यात आणि जमिनीत मुरून भूजलात जाते.

हिशेब करून पाहू. मिठाच्या वजनात क्लोराइड सुमारे ६१ टक्के असते. सपाट भरलेल्या एका चहाच्या चमच्यात ६ ग्रॅम मीठ धरले तर क्लोराइड झाले सुमारे ३.६ ग्रॅम. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. म्हणजे एक चमचा मीठ साधारण साडेचौदा लिटर शुद्ध पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवते. मग दोन कोटी टनांचे काय? शिवाय क्लोराइड मातीत फारसे अडकत नाही, गाळण्याने निघत नाही, उकळल्याने तर अधिकच दाट होते. रस्त्याकडेची झाडे वाळतात, वाहने गंजतात, पुलांच्या काँक्रीटमधील सळया कुजतात. कॅनडा सरकारच्या तज्ज्ञांनी अनेक वर्षे पाहणी करून २००१ साली रस्त्यावरचे मीठ पर्यावरणाला घातक असल्याचा निष्कर्ष काढला आणि २००४ साली ते जपून वापरण्याची आचारसंहिता तयार झाली.

खारट भूजल म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगायला नको. चांगदेवजवळ तापीला मिळणारी पूर्णा नदी वर ज्या प्रदेशातून येते, त्या अकोला, अमरावती, बुलडाणा भागातील खारपाण पट्ट्यात विहिरी असूनही पाणी कामाचे नाही, अशी स्थिती पिढ्यान्‌पिढ्या आहे. तेथील क्षार भूगर्भाने दिलेले आहेत. बर्फाळ देशांत ते माणसाने स्वतःच्या हाताने, चांगल्या हेतूने पेरले.

नागाओकाची विहीर

मग मीठ नको, पाणी वापरावे का? हा प्रयोगही झाला आहे आणि तो आपल्याला अधिक जवळचा आहे.

जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडील निईगाता प्रांतात फार मोठा हिमवर्षाव होतो. तेथील नागाओका शहरात १९६१ साली रस्त्याच्या मधोमध भोके असलेली नळी बसवून तिच्यातून भूजलाची कारंजी उडवण्यास सुरुवात झाली. भूजलाचे तापमान हिवाळ्यातही १३-१४ अंश असते. ते अंगावर पडताच बर्फ वितळून गटारात वाहून जाई. मीठ नाही, यंत्रांचा खडखडाट नाही. १९६३ च्या प्रचंड हिमवर्षावानंतर ही पद्धत झपाट्याने पसरली. केळीच्या बागेला थंडीत रात्री पाणी देणाऱ्या आपल्या शेतकऱ्याने हा रस्ता पाहिला असता, तर त्याला युक्ती लगेच कळली असती.

पण सारे गाव एकाच वेळी पंप सुरू करी, कारण बर्फ सर्वांच्या दारात एकाच वेळी पडतो. भूजलाची पातळी उतरली आणि त्या प्रांतात काही ठिकाणी जमीनच खचू लागली. मग उपशावर निर्बंध आले आणि बर्फ पडत असेल तेवढाच वेळ पंप चालवणारी संवेदक यंत्रे बसवावी लागली. उबदार पाण्याचा साठा अमर्याद नव्हता.

सातपुड्याच्या पायथ्याच्या यावल-रावेर पट्ट्याने यातील अर्धी गोष्ट स्वतः अनुभवली आहे. डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा बझाडा पट्टा पाणी उत्तम मुरवतो. पण मुरते त्याहून अधिक उपसल्यामुळे येथील विहिरी आटल्या आणि कूपनलिका खोल खोल गेल्या.

कमी वापरून अधिक सुरक्षा

आपल्या देशात हिमालयातील रस्त्यांची जबाबदारी मुख्यतः १९६० साली स्थापन झालेल्या सीमा रस्ते संघटनेकडे आहे. श्रीनगर-लेह मार्गावरील झोजी ला खिंड सुमारे साडेअकरा हजार फूट उंच आहे. पूर्वी ती हिवाळ्यात कित्येक महिने बंद राही. २०२३ साली ती ६८ दिवसांच्या खंडानंतर १६ मार्चला खुली झाली. तेथे भर यंत्रांवर आहे : बर्फ कापून दूर फेकणारी यंत्रे, चाकांना साखळ्या आणि आता बोगदे. रोहतांग खिंडीखालील ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा २०२० साली सुरू झाला. बर्फाशी लढण्याऐवजी त्याच्या खालून जाणे, हाही एक उपाय आहे.

इतरत्रही विचार बदलला आहे. बर्फ चिकटल्यावर भरमसाट मीठ टाकण्यापेक्षा तो पडण्याआधीच मिठाचे पातळ द्रावण फवारले तर कमी मिठात काम होते. त्यासाठी रस्त्यात तापमापक पुरलेले असतात, कारण हवेचे तापमान आणि रस्त्याचे तापमान एक नसते. गवतावरच्या गोठलेल्या दवाने आपल्याला हेच सांगितले होते. आइसलँडच्या रेक्याविक शहरात घरे गरम करून परतलेले भूऔष्णिक पाणी पादचारी मार्गाखालून फिरवतात. जर्मनीत घरापुढील पादचारी मार्ग साफ ठेवणे हे सामान्यतः घरमालकाचे कर्तव्य आहे. मात्र बर्लिनसारख्या शहरांत त्याने मीठ टाकायचे नाही, बारीक खडी टाकायची, असा नियम आहे.

रस्त्यावर वाचलेला जीव डोळ्यांना दिसतो. त्यासाठी जमिनीखाली मोजलेली किंमत दिसायला वीस-तीस वर्षे लागतात. त्यामुळे रस्ता सुरक्षित ठेवायचा असेल तर हिशेबाच्या वहीत रस्त्याबरोबर विहिरीचेही पान हवे, हाच या इतिहासाचा धडा आहे. खतांचे क्षार असोत की रोज चालणारा पंप, हे पान आपल्यालाही उघडावे लागते.

वर्गात करण्यासाठी

तीन वाट्या बर्फाच्या चुऱ्यात एक वाटी मीठ मिसळून प्रयोगशाळेतील तापमापीने तापमान दर मिनिटाला नोंदवावे. तापमापी शून्याखालील खुणांची हवी; तापाची तापमापी चालणार नाही. हे मिश्रण उघड्या हाताने धरू देऊ नये, कातडीला इजा होते. थंडीच्या दिवसांत पहाटे हवेचे, गवताजवळचे आणि नुकत्याच उपसलेल्या विहिरीच्या पाण्याचे तापमान विद्यार्थ्यांना आठवडाभर मोजू द्यावे. शेवटी मिश्रणाचे खारट पाणी फेकून देण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : हे ओतायचे कोठे? उत्तर शोधताना मुले जेथे थबकतील, तेथूनच पुढचा पाठ सुरू करता येईल.