डोव्हरपलीकडे इंग्रजी चालत नव्हती तेव्हा : इटालियन शिकायला निघालेल्या इंग्रजांची पूर्वतयारी

१/
आज परदेशी शिकायला निघालेला मराठी विद्यार्थी इंग्रजीची परीक्षा देतो, व्हिसा मिळवतो, बँकेचे कागद जोडतो. साडेचारशे वर्षांपूर्वी अशीच धावपळ इंग्रज तरुण करीत असत, आणि त्यांना शिकायची असे इटालियन. त्यांच्या तयारीत काय काय लागे आणि त्यांचेच सरकार त्या तयारीकडे संशयाने का पाहत असे, याविषयीचा हा धागा. 🧵

२/
प्रथम इंग्रजीची त्या काळची पत पाहू. १५७८ साली लंडनमध्ये जॉन फ्लोरिओ याचे ‘फर्स्ट फ्रूट्स’ हे इटालियन शिकवणारे पुस्तक छापले गेले. त्यातील एका संवादात इटालियन माणसाला विचारले जाते : इंग्रजी भाषा कशी वाटते? त्याच्या उत्तराचा आशय असा की, इंग्लंडात ती उपयोगाची आहे, पण डोव्हर बंदर ओलांडले की तिला काही किंमत नाही. हे लिहिले गेले ते इंग्रज वाचकांसाठीच!

३/
याउलट इटालियनला मोठा मान होता. दुहेरी नोंदीच्या हिशेबपद्धतीचे पहिले छापील विवेचन लुका पाचोली याने १४९४ साली व्हेनिसमध्ये प्रसिद्ध केले. वैद्यक शिकायचे तर पादुआचे विद्यापीठ गाठावे लागे. दरबारी शिष्टाचाराचा आदर्श ग्रंथ होता कास्तिल्योनेचा ‘इल कोर्तेजानो’ (१५२८). खुद्द राणी पहिली एलिझाबेथ इटालियन उत्तम बोलत असे. ज्या तरुणाला दरबारात वा राजदूताच्या कचेरीत स्थान हवे, त्याने ही भाषा शिकणे ओघानेच आले.

४/
🔸 तयारी पहिली : परवाना

सरदार-उमरावांच्या मुलांना राज्याच्या परवानगीविना देश सोडता येत नसे. कवी फिलिप सिडनी याला मे १५७२ मध्ये मिळालेल्या परवान्याचा तपशील उपलब्ध आहे : सोबत तीन नोकर, चार घोडे, मुदत दोन वर्षे, आणि प्रवासाचे कारण म्हणून परकीय भाषांचे ज्ञान मिळवणे. सिडनी तेव्हा अवघा सतरा वर्षांचा होता.

५/
हा बंदोबस्त कशासाठी? १५७० साली पोप पाचवा पायस याने राणी एलिझाबेथला धर्मबहिष्कृत केले आणि प्रजेला तिच्या आज्ञापालनातून मुक्त घोषित केले. त्यानंतर रोमला जाणारा इंग्रज भाषा शिकायला जातो आहे की राणीविरुद्धच्या कटात सामील व्हायला, हा प्रश्न लंडनच्या दृष्टीने जीवनमरणाचा झाला. म्हणूनच काही परवान्यांत जाण्यास मनाई असलेल्या ठिकाणांचाही उल्लेख असे.

६/
योगायोग असा की, त्याच १५७० साली रॉजर अ‍ॅस्कम याचा ‘द स्कूलमास्टर’ हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. अ‍ॅस्कम हा एलिझाबेथचा शिक्षक. इटालियन भाषेवर त्याचे प्रेम होते, पण तरुणांनी इटलीला जाण्यास त्याचा कडवा विरोध होता. इटालियन वळणाचा इंग्रज म्हणजे साक्षात सैतान, अशा अर्थाची एक इटालियन म्हणच तो पुरावा म्हणून पुढे करतो. स्वतः अ‍ॅस्कम इटलीत किती दिवस राहिला होता? त्याच्याच सांगण्यानुसार, नऊ! भाषा घरी बसून पुस्तकातून शिकावी, असे त्याचे मत होते.

७/
🔸 तयारी दुसरी : पुस्तक

इंग्रजीतून इटालियन शिकवणारे पहिले छापील व्याकरण १५५० चे. लेखक विल्यम थॉमस. मालकाचे पैसे उचलून हा माणूस १५४५ मध्ये व्हेनिसला पळाला होता आणि तेथे तुरुंगातही गेला होता. पुढे पादुआत असताना त्याने एका मित्रासाठी हे व्याकरण लिहिले, सोबत शब्दकोशही जोडला. मायदेशी परतल्यावर तो राजाच्या प्रिव्ही कौन्सिलचा कारकून झाला. मात्र राणी मेरीविरुद्धच्या बंडात गुंतल्याबद्दल १५५४ साली त्याला देहदंड झाला.

८/
थॉमसचा कोश दान्ते, पेत्रार्क आणि बोकाचो वाचता यावेत म्हणून रचलेला होता. हे तिघेही चौदाव्या शतकातले. त्या शब्दसंपत्तीवर धर्मशाळेत खोली मागायची, म्हणजे ज्ञानेश्वरी पाठ करून एसटीचे तिकीट काढण्यासारखे!

ही उणीव फ्लोरिओने भरून काढली. त्याच्या पुस्तकांत इटालियन व इंग्रजी संवाद शेजारी शेजारी छापलेले असत. ‘सेकंड फ्रूट्स’ (१५९१) मध्ये सकाळी उठण्यापासून जेवण, खेळ, सराई आणि प्रवासापर्यंतचे प्रसंग आहेत. १५९८ मध्ये त्याचा मोठा इटालियन-इंग्रजी कोश आला; १६११ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली.

९/
🔸 तयारी तिसरी : पैसा

या बाबतीत आपला उत्तम वाटाड्या म्हणजे फाइन्स मॉरिसन. केंब्रिजचा हा तरुण १५९१ मध्ये निघाला आणि १६१७ साली त्याने आपले प्रचंड प्रवासवर्णन छापले. घोडा आणि नोकर न ठेवणाऱ्या प्रवाशाला वर्षाला पन्नास-साठ पौंड पुरतात, असा त्याचा हिशेब आहे. जेवण, कपडे, वसंतात व शरदात एकेक प्रवास आणि थोडी मौज, हे सारे त्यात भागे.

१०/
एवढी रक्कम रोख नेणे धोक्याचे होते. त्यावरचा उपाय आपल्या ओळखीचा आहे : हुंडी. लंडनमध्ये व्यापाऱ्याकडे पौंड भरायचे, त्याचे पत्र घ्यायचे आणि व्हेनिसमध्ये त्याच्या अडत्याकडून तेथील नाण्यांत पैसे उचलायचे. पत्र वाटेत गहाळ होण्याची भीती असल्याने एकाच हुंडीच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या मार्गांनी पाठवण्याचा रिवाज होता. एक वटली की बाकीच्या आपोआप रद्द होत.

११/
आणखी एक प्रकार तर पैजेचाच होता. प्रवासी निघताना काही रक्कम ओळखीच्यांकडे ठेवी. जिवंत परतला तर कित्येक पटींनी परत, न परतल्यास रक्कम बुडाली! पुढे पूर्वेकडे जेरुसलेम आणि कॉन्स्टँटिनोपलच्या प्रवासाला निघताना मॉरिसनने शंभर पौंड ठेवले, परतल्यावर तीनशे मिळावेत या बोलीवर. त्याचा भाऊ हेन्री याने चारशे ठेवले, बाराशेच्या आशेने. १५९६ साली त्या प्रवासातच हेन्रीचा मृत्यू झाला.

१२/
जवळचे पैसे लपवावे कसे, हेही मॉरिसन सांगतो. १५९५ मध्ये परतीच्या वाटेवर फ्रान्समध्ये त्याला सैनिकांनी लुटले. अंगरख्यात शिवलेली सुवर्णनाणी गेली. पण एका लाकडी डबीच्या तळाशी सोळा नाणी ठेवून त्यांवर त्याने खरजेचे दुर्गंधी मलम थापले होते. आणखी सहा नाणी कापडात गुंडाळून वर रंगीत दोरा गुंडाळला होता, त्यात सुया खोचल्या होत्या. या दोन्ही वस्तूंना लुटारूंनी हात लावला नाही. 😄

१३/
🔸 तयारी चौथी : आरोग्याचा दाखला

प्लेगच्या भीतीने इटलीतील नगरराज्ये वेशीवरच प्रवाशाला अडवीत. आपण रोगमुक्त गावाहून आलो, असा दाखला दाखवावा लागे. त्याला ‘फेदे दी सानिता’ म्हणत. दाखला नसेल तर गावाबाहेरच्या लाझारेत्तोत म्हणजे विलगीकरणगृहात मुक्काम ठरलेला. ‘क्वारंटाइन’ हा शब्द इटालियनमधील ‘चाळीस’ दाखवणाऱ्या शब्दावरून आला आहे, हे करोनाकाळात आपण वाचलेच असेल.

१४/
🔸 तयारी पाचवी : गाव कोणते निवडावे?

इटलीत तेव्हा गावागणिक बोली वेगळी होती. प्रमाण मानली जाई ती तोस्काना प्रांताची. सिएना या तोस्कानी नगरात १५८८ साली ग्रँड ड्यूक पहिला फेर्दिनांदो याने तोस्कानी भाषेचे स्वतंत्र अध्यासन स्थापन केले, मुख्यतः जर्मन विद्यार्थ्यांसाठी. पहिले प्राध्यापक दिओमेदे बोर्गेसी. परकीयांना इटालियन शिकवणारे विद्यापीठ सिएनात आजही आहे.
पादुआचे आकर्षण निराळे होते. ते व्हेनिसच्या राज्यात असल्याने तेथे प्रॉटेस्टंट विद्यार्थ्यांना तुलनेने कमी त्रास होई.

१५/
🔸 तयारी सहावी आणि सर्वांत अवघड : आपल्या माणसांना टाळणे

पुढे ‘इल कोर्तेजानो’चा इंग्रजी अनुवाद (१५६१) करणारा टॉमस होबी १५५० मध्ये सिएनात होता. भोवती इंग्रजांचा गोतावळा जमला, तेव्हा तो सरळ दक्षिणेला सिसिलीकडे निघाला. भाषेसाठी इंग्रजांच्या संगतीपासून काही काळ दूर राहावे, हे एक कारण त्याने स्वतःच नोंदवले आहे. मॉरिसनही याच हेतूने फ्लॉरेन्स सोडून जवळच्या सान काशियानो गावी जाऊन राहिला.

१६/
मॉरिसनला देशबांधव टाळण्याचे दुसरेही कारण होते. प्रॉटेस्टंट म्हणून ओळख पटली तर धर्मन्यायासनाची भीती, आणि ओळख पटवणारा बहुधा इंग्रजच असणार. म्हणून तो कधी जर्मन होई, कधी फ्रेंच. रोममध्ये फ्रेंच असल्याचे भासवून त्याने चक्क पुढे कार्डिनल झालेल्या बेलार्मिनो यांची भेट घेतली! ईस्टरच्या सुमारास कोणी विधी चुकवला याची चौकशी होत असल्याने त्या दिवसांत त्याने मुक्काम हलवला. त्याच्यासाठी उच्चार सुधारणे म्हणजे जीव सांभाळणे होते.

१७/
पुढच्या शतकात भीती ओसरली, तरी संपली नाही. १६३८ साली इटलीला निघालेल्या कवी जॉन मिल्टनला अनुभवी राजदूत हेन्री वॉटन यांनी पत्रातून एक जुना सिएनी सल्ला दिला. त्याचा मथितार्थ : मनातले मनातच ठेवावे, चेहरा मात्र मोकळा असावा.

फ्लॉरेन्सला पोहोचल्यावर मिल्टनने व्याकरणकार बेनेदेत्तो बुओनमातेई यांना पत्र लिहून विनंती केली की, आपल्या व्याकरणात परकीयांसाठी उच्चारांविषयीही थोडे लिहावे. भाषा शिकणाऱ्या प्रत्येकाच्या मनातली ही तक्रार आहे!

१८/
आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भाषेच्या निमित्ताने गेलेला तरुण त्यांचाच होऊन बसेल, ही लंडनची भीती निराधार होती का? पूर्णपणे नाही. कॅथलिक इंग्रज तरुण खरोखरच मायदेश सोडून रोमला जात होते. त्यांतील एक विल्टशरचा होता. १५७५ साली तो रोममध्ये जेझुइट संघात दाखल झाला आणि १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून गलबतात बसला. ऑक्टोबरमध्ये तो जेथे उतरला ते बंदर होते गोवा.

१९/
त्याचे नाव टॉमस स्टीफन्स, म्हणजे आपले फादर स्टीफन्स. १६१६ साली राचोल येथे छापलेल्या, सुमारे अकरा हजार ओव्यांच्या मराठी ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते. कोकणीचे व्याकरणही त्यांनी लिहिले. इंग्लंडच्या दृष्टीने हा रोमला गेलेला मुलगा हातचा गेला होता. अ‍ॅस्कमने रेखाटलेला धोक्याचा मार्ग हाच, आणि त्याच मार्गाने मराठीला तिचा एक मोठा कवी मिळाला.

२०/
१५८३ साली स्टीफन्स यांनी गोव्याहून भावाला लिहिलेल्या पत्रात येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिनसारखी असल्याचे नमूद केले. त्यानंतर थोड्याच वर्षांत फिलिप्पो सास्सेत्ती या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याला भारतात असताना संस्कृत आणि इटालियन शब्दांतील, विशेषतः अंकांतील, साम्य जाणवले. १५८८ मध्ये तो गोव्यातच वारला. त्याने हेरलेले साम्य मराठीतही कानाला लागते :

सहा – सेइ
सात – सेत्ते
आठ – ओत्तो
नऊ – नोवे

२१/
परवाना, पुस्तक, पैसा, दाखला, गाव आणि संगत. या सहा तयाऱ्यांपैकी पहिल्या चारांची जागा आज व्हिसा, अ‍ॅप, बँक कार्ड आणि लसीकरणाच्या कागदाने घेतली आहे. शेवटच्या दोन मात्र होत्या तशाच आहेत. परदेशी भाषा शिकायला जाणाऱ्या मित्रांनो, तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाला जरूर जा; पण वर्षातले काही महिने तरी आपले सान काशियानो शोधा.

धागा आवडल्यास इतिहासप्रेमी मित्रांपर्यंत अवश्य पोहोचवा. सास्सेत्तीच्या यादीत भर घालणारे इटालियन-मराठी शब्द सुचले तर खाली जरूर लिहा. 🙏