संत फ्रान्सिसचे मृत्युपत्र

असिसीच्या फ्रान्सिसला, त्याच्या मृत्यूला दोन वर्षे होण्यापूर्वीच, १६ जुलै १२२८ रोजी पोप नववा ग्रेगरी याने संतपद दिले. दुसऱ्याच दिवशी त्याच्या नावे उभारावयाच्या भव्य चर्चची पायाभरणीही या पोपच्याच हस्ते झाली. पुढे २८ सप्टेंबर १२३० रोजी याच पोपने निर्णय दिला की, फ्रान्सिसचे मृत्युपत्र त्याच्या अनुयायांवर बंधनकारक नाही. व्यक्तीचा गौरव आणि तिच्या वचनाची विल्हेवाट यांत अवघे दोन वर्षांचे अंतर आहे. फ्रान्सिसच्या चरित्राच्या अभ्यासकाने प्रथम येथेच थांबले पाहिजे.

१२२६ मधील अखेरच्या आजारात सांगितलेले हे मृत्युपत्र लहानसेच आहे. कुष्ठरोग्यांच्या सहवासात आपल्या जीवनाला वळण कसे लागले, या आठवणीने त्याचा आरंभ होतो. बांधवांनी हातांनी काम करावे, मोबदला न मिळाल्यास भिक्षा मागावी. दारिद्र्यव्रताशी विसंगत अशी चर्चे वा घरे स्वीकारू नयेत. छळ झाला तरी रोमच्या दरबाराकडून संरक्षणाचे वा सवलतीचे पत्र मागू नये. आणि मुख्य म्हणजे, १२२३ साली मान्य झालेल्या नियमावलीवर, तसेच या मृत्युपत्रावरही, भाष्ये रचू नयेत. कापडाच्या व्यापाऱ्याच्या या मुलास शब्दांतील पळवाटा चांगल्याच ठाऊक असाव्यात!

ग्रेगरीचा युक्तिवाद कायदेपंडिताचा होता. फ्रान्सिसने बांधवांची संमती घेतली नव्हती. शिवाय समान अधिकाराच्या उत्तराधिकाऱ्यास पूर्वाधिकारी बांधून ठेवू शकत नाही. या पोपला ढोंगी ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. कार्डिनल उगोलिनो या नात्याने तो फ्रान्सिसचा मित्र व संघाचा पालक होता, आणि मृत्युपत्राविषयीचा प्रश्न त्याच्यापुढे नेला तो संघाच्याच शिष्टमंडळाने. संघ आता हजारोंचा झाला होता. पॅरिस व ऑक्सफर्ड येथे अध्ययन करणाऱ्या बांधवांना ग्रंथ हवे होते, निवारा हवा होता. पैशास स्पर्श न करण्याचे व्रत पाळावयाचे आणि व्यवहारही चालवावयाचा, यासाठी त्रयस्थाकरवी पैसा हाताळण्याची तोड ग्रेगरीने काढली. मृत्युपत्रात निषेधिलेले भाष्य ते हेच.

याची किंमत पुढील पिढ्यांनी दिली. दारिद्र्यव्रताचे कडवे पालन करणाऱ्यांना तुरुंगवास घडला. धान्य व मद्याची कोठारे मान्य करण्याच्या आणि आखूड वस्त्रे टाकण्याच्या पोप बाविसावा जॉन याच्या आज्ञेस न जुमानल्यामुळे १३१८ मध्ये मार्सेय येथे चार बांधवांना जाळण्यात आले. ख्रिस्त व त्याचे शिष्य यांच्या मालकीचे काहीही नव्हते, असे हट्टाने प्रतिपादणे हे १३२३ मध्ये पाखंड ठरले. त्या तुरुंगवासातून गेलेला तोलेंतीनोचा थॉमस मुक्ततेनंतर आर्मेनियास व पुढे पूर्वेकडे गेला, आणि १३२१ मध्ये आपल्या ठाण्यात मारला गेला. महाराष्ट्राच्या किनाऱ्याशी या वादाचा संबंध पोहोचतो तो असा.

आज फ्रान्सिसचे नाव जगभर प्रेमाने घेतले जाते. १९७९ पासून तो पर्यावरणाच्या अभ्यासकांचा आश्रयदाता संत मानला जातो. त्याची म्हणून सर्वांत अधिक म्हटली जाणारी प्रार्थना ईश्वराने आपल्याला शांतीचे साधन करावे अशी विनवणी करते. त्याच्या लेखनात ती कोठेही नाही. १९१२ मध्ये एका फ्रेंच मासिकात ती प्रथम छापली गेली, तीही निनावी. मृत्युपत्र मात्र निःसंशय त्याचेच आहे, आणि ते वाचणारे अजूनही थोडेच.