उतरवलेला सूर ऐकताना

ओळखीचा एखादा टेक्नो किंवा अँबियंट ट्रॅक ‘४३२ हर्ट्झ’ असा शिक्का घेऊन समोर येतो. रूढ मानकानुसार ४४० हर्ट्झवर असणारा ‘ए’ इथे ४३२वर आणलेला असतो आणि बाकीचे स्वरही त्याच प्रमाणात उतरलेले असतात. हे अधिक शांत, अधिक उबदार वाटते, असे अनेक श्रोते मनापासून सांगतात. त्यांचे म्हणणे थट्टेवारी नेऊ नये आणि पडताळल्याशिवाय मान्यही करू नये. या दोन्हींच्या मधल्या जागेत एक फार सुंदर अभ्यासक्षेत्र आहे. त्यात येऊ पाहणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत.

४४० हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातले वाद्यवृंद झळाळीसाठी सूर चढवत गेले आणि त्याचा ताण गायकांच्या गळ्यावर आला. फ्रान्सने १८५९मध्ये कायद्याने ४३५ हे मानक ठरवले. त्यासाठी नेमलेल्या समितीत संगीतकार रोसिनी आणि बेर्लिओझ होते, भौतिकशास्त्रज्ञ लिसाजूही होते. १८८४मध्ये संगीतकार व्हेर्दी यांनी ४३२ला पाठिंबा दिला. ४४०वर एकमत झाले ते १९३९च्या लंडन परिषदेत. अलेक्झांडर एलिस यांनी स्वरमानांचा हा चढउतार १८८०मध्येच संगतवार मांडला होता. अर्धस्वराचे शंभर भाग करणारे ‘सेंट’ हे मापही त्यांचेच. त्या मापाने ४४० ते ४३२ हे अंतर सुमारे ३२ सेंट, म्हणजे अर्धस्वराच्या एक-तृतीयांशाहूनही थोडे कमी भरते.

मराठी श्रोत्याला इथे एक जमेची बाजू आहे. एकाचा षड्ज काळी एकवर, दुसरीचा काळी चारवर, हे आपल्याला मैफलीतून अंगवळणी पडलेले असते. पट्टी बदलली म्हणून राग बदलला असे आपण म्हणत नाही. पण ४३२चा संबंध कलियुगाच्या ४,३२,००० वर्षांशी जोडला जातो, तेव्हा याच श्रोत्याने सावध राहायला हवे. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने, आणि सेकंद हा दिवसाचे ८६,४०० भाग करण्याच्या माणसाच्या रिवाजातून आलेला. दिवसाची विभागणी वेगळी झाली असती, तर त्याच स्वराला दुसराच आकडा मिळाला असता.

४३२चे गणित मात्र खरोखर देखणे आहे. ‘सी’ २५६वर ठेवून शुद्ध षड्ज-पंचम भावाने तीन पावले चढत गेले आणि आलेला स्वर मूळ सप्तकात आणला, तर ‘ए’ नेमका ४३२ येतो. सप्तकाचे बारा समान भाग केले, तर मात्र तो ४३०.५च्या आसपास पडतो. म्हणजे शुद्धतेचा आग्रह धरायचा असेल, तर स्वरांमधली अंतरेही बदलावी लागतील. नुसता सगळा सूर खाली आणल्याने ते होत नाही, आणि उतरवलेल्या ट्रॅकमध्ये बहुधा तेवढेच केलेले असते.

माझ्या मते या क्षेत्रातला पहिला प्रश्न ‘कसे वाटते’ हा नाही. ‘कसे उतरवले’ हा आहे. ध्वनिमुद्रण संथ चालवले, तर गतीही १.८ टक्क्यांनी घटते: १२० बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांचा, ट्रॅक ११८च्या खाली येतो, चार मिनिटांची रचना चार सेकंदांहून थोडी अधिक लांबते. मग जाणवलेली शांतता स्वराची की लयीची? सॉफ्टवेअरने गती कायम राखून फक्त सूर उतरवला, तर किक-ड्रमच्या आघाताची धार बोथट होऊ शकते, आणि तीच ‘ऊब’ म्हणून कानाला भावू शकते. सिंथेसायझरचेच मूळ ट्यूनिंग बदलले, तर गती आणि आघात दोन्ही जागच्या जागी राहतात. व्हायोलिनचा सूर उतरवला की तारेचा ताण बदलतो, नादाचा पोतही बदलतो. इलेक्ट्रॉनिक वाद्यात हा गुंता टाळता येतो. म्हणूनच या प्रश्नासाठी इलेक्ट्रॉनिक संगीतासारखी चांगली जागा नाही.

‘मूळ’ सूर कोणता, हेही तपासायला हवे. जुन्या अॅनालॉग सिंथेसायझरचे सूर यंत्र तापेल तसे सरकत. १९७९च्या टेक्निक्स एसएल-१२००एमके२ या टर्नटेबलवर डीजे वेग आठ टक्क्यांपर्यंत वर-खाली करू शकत. म्हणजे सूर अर्धस्वराहूनही जास्त सरके. नृत्यगृहातल्या श्रोत्याला काटेकोर ४४० क्वचितच मिळाले असेल.

आणि स्मरण. डॅनियल लेव्हिटिन यांच्या १९९४च्या प्रयोगात सामान्य माणसांनी आवडती गाणी आठवणीतून म्हटली आणि अनेकांचा सूर मूळ ध्वनिमुद्रणाच्या जवळ लागला. म्हणजे ओळखीच्या ट्रॅकला कान आठवणीशी ताडून पाहतो. अनोळखी ट्रॅकसाठी तसा आधार नसतो. शरीराचा प्रतिसादही तपासला गेला आहे: २०१९मध्ये इटलीत ३३ जणांवर झालेल्या प्राथमिक अभ्यासात ४३२वरचे संगीत ऐकताना हृदयगती किंचित कमी आढळली. मला ही नोंद मोलाची वाटते, पण एवढ्या लहान गटावरून निष्कर्ष काढता येत नाही. प्रयोग पुन्हा व्हायला हवेत.

नव्या अभ्यासकाने सुरुवात ताल नसलेल्या, दीर्घ स्वरांच्या संगीतापासून करावी. एलियान रादीग यांच्या आर्प २५०० सिंथेसायझरवरच्या रचना त्यासाठी उत्तम. तिथे गती घटल्याचे कानाला सहज कळत नाही. मग ठाशीव तालाचा, स्वतः सिंथेसायझरवर बांधलेला ट्रॅक घ्यावा, तो वरच्या तिन्ही रीतींनी ४३२वर न्यावा, सगळ्यांचा आवाज नेमका सारखा ठेवावा, आणि कोणती फाइल कोणती हे ठाऊक नसलेल्या मित्राला त्या ऐकवायला सांगावे.